पुरात बुडालेल्या स्प्लेंडरचं वायरिंग: सोल्डरिंग शिकतानाच्या नोंदी

३१ ऑक्टोबर २०२१, रविवार

गाडी अप्पांची, २००६ ची स्प्लेंडर प्लस, किकवाली. २२ जुलैला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा अंगणात उभी होती. सीट बुडाली होती, नुसते आरसे दिसत होते. ऑगस्टमध्ये एका गॅरेजमध्ये इंजिन उघडून साफ केलं, तीनदा ऑइल बदललं, गाडी चालू झाली. वायरिंगला मात्र कुणी नीट हात लावला नाही. जिथे अडलं तिथे तार तोडायची, पीळ द्यायचा, वर काळी टेप गुंडाळायची, एवढंच झालं.

आजची लक्षणं अशी. ब्रेक दाबला की चारही इंडिकेटर मंद उजळतात आणि ब्रेकचा दिवा अर्धवट लागतो. हॉर्न हँडल सरळ असताना वाजतो, उजवीकडे वळवलं की बंद. डावा इंडिकेटर कधी लागतो, कधी नाही.

नवं पूर्ण वायरिंग विचारलं. पुरानंतर सगळ्यांनाच हवं आहे, तीन आठवडे तरी थांबा, असं दोन दुकानांत सांगितलं. अप्पांना मार्गताम्हान्याच्या बागेत जावंच लागतं. म्हणून आहे तेच दुरुस्त करायचं ठरवलं. मला सोल्डरिंगचा, म्हणजे कथील-शिसं वितळवून तारा जोडण्याचा, शून्य अनुभव. शेजारचे काका तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात, त्यांनी शिकवायचं कबूल केलं.

आज फक्त उघडलं. सीट, साईड कव्हर, टाकी, डूम (हेडलाइटचं कवच). प्रत्येक कपलर (तारा एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा खटका) सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. पिळाचे जोड मोजले तर १७ निघाले. फ्यूजच्या जागी तांब्याचे चार पदर गुंडाळलेले होते. हे पाहून मी खरंच घाबरले, कारण तार शॉर्ट झाली असती तर ते पदर वितळले नसते, अख्खं वायरिंग पेटलं असतं. आधी मूळ क्षमतेचा फ्यूज आणून बसवला, १० रुपयांत दोन मिळाले.

पहिली चूकही आजच केली. टाकी काढून शेजारीच पायरीवर ठेवली होती. काका आले, टाकी पाहिली आणि म्हणाले, "अगं, सोल्डरिंगचं आयर्न लावायचं म्हणतेस आणि पेट्रोल उशाला? आधी ती परसात नेऊन ठेव. कार्बोरेटरमधलंही काढ." टाकी परसातल्या शेडमध्ये गेली, बॅटरी काढून घरात ठेवली. काम संपेपर्यंत दोन्ही तिथेच राहतील.

वेळ: साडेतीन तास, त्यातला एक तास जुन्या टेपचा चिकटा रॉकेलने पुसण्यात.

१ नोव्हेंबर, सोमवार

गाडीला हात लावला नाही. पतपेढीतून आल्यावर काकांच्या टेबलावर सराव. २५ वॅटचं आयर्न, ६०/४० ची सोल्डर वायर (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं, आत राळ भरलेली) आणि भंगारातल्या तारांचे तुकडे.

काकांनी पहिल्यांदा आयर्नचं टोक चमकवायला लावलं. गरम टोक ओल्या फडक्यावर पुसायचं, लगेच सोल्डर लावायचं, पुन्हा पुसायचं, टोक चांदीसारखं दिसेपर्यंत. "पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा ना, तो भांडं तापवून नवसागर टाकून कथील फिरवायचा. हेच ते. टोकाला कल्हई नसेल तर उष्णता तारेत उतरतच नाही." नवसागर तारांना मात्र चुकूनही लावायचा नाही, तो उरला तर तांबं खातो. तारेला फक्त राळ.

माझे पहिले दहा-बारा जोड वाया गेले. मी आयर्नवर सोल्डर वितळवून तो थेंब तारेवर ठेवत होते. थेंब वर बसायचा, करडा, खरखरीत, आणि नखाने उचकटला की निघून यायचा. काकांनी हात धरून दाखवलं: आयर्न जोडाच्या खालून टेकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि सोल्डर वायर वरून तारेलाच टेकवायची. तार पुरेशी तापली असेल तर सोल्डर एकदम ओला होतो आणि पाणी वातीत चढावं तसा पदरांमध्ये ओढला जातो. हे एकदा डोळ्यांनी दिसलं आणि पुढे हात बराच सुधारला. चांगल्या जोडात सोल्डरखालून तारेचे पदर उमटलेले दिसतात. गुळगुळीत गोळा दिसला तर तो जोड कापून टाकायचा.

जोडण्याची पद्धत: दोन्ही टोकं सुमारे दोन सेंटिमीटर सोलायची, मधोमध एकमेकांत फुली घालायची, मग प्रत्येक टोक दुसऱ्या तारेवर चार-पाच वेढे घट्ट गुंडाळायचं. दोन्ही तारा एका रेषेत राहतात आणि जोड जाड होत नाही. शेंडीसारखा एकत्र पीळ देऊन बाजूला दुमडण्याची गॅरेजवाली पद्धत सोडून द्या.

ताकद पाहायला जोड खिळ्याला बांधून खाली पाण्याचे कॅन टांगले. नुसत्या पिळाचा जोड दोन लिटरच्या बाटलीला सुटला. सोल्डर केलेला पाच लिटरच्या कॅनला रात्रभर टिकला.

३ नोव्हेंबर, बुधवार

घरात फराळाची धांदल, मी मागच्या पडवीत. शेपटाकडून सुरुवात केली, कारण ब्रेकच्या दिव्याचं कोडं तिथलंच.

या गाडीत रंगांचा अर्थ असा: हिरवी अर्थिंगची म्हणजे 'अर्थ' (वीज बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी), लाल बॅटरीची, काळी चावी लावल्यावर चालू होणारी, हिरव्यावर पिवळी पट्टी ब्रेकची, केशरी डावा इंडिकेटर, आकाशी उजवा, पोपटी हॉर्न. हे पाठ केल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. मधल्या काळात कुणी भलत्या रंगाची तार जोडली असेल तर रंगावर विसंबू नका, मल्टिमीटरने (वीज मोजायच्या मीटरने) दोन्ही टोकं तपासा. आमच्या गाडीत आकाशीच्या मध्ये वीतभर तपकिरी तुकडा निघाला.

बॅटरी तेवढ्यापुरती जोडली. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन मागच्या दिव्याच्या हिरव्या तारेवर, आणि अप्पांनी ब्रेक दाबला. आकडा ७.६ व्होल्ट. अर्थ नीट असती तर जवळजवळ शून्य यायला हवा होता. म्हणजे मागची हिरवी तार कुठेतरी तुटली आहे. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या विजेला परतीची वाट नाही, म्हणून ती मागच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरते, केशरी-आकाशी तारांनी पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाते आणि तिथल्या अर्थमधून बॅटरीला मिळते. चारही इंडिकेटर मंद का उजळत होते ते कळलं. गॅरेजने याच लक्षणावर फ्लॅशर (इंडिकेटर उघडमीट करणारा भाग) बदलून पैसे घेतले होते.

तुटलेली जागा सीटखाली टेपच्या एका गुठळीत सापडली. टेप सोडली तर आत चिखल, वाळून कडक झालेला.

आणि इथे खरा प्रश्न समोर आला. हिरवी तार सोलली तर आतलं तांबं काळं ठिक्कर. दोन इंच मागे कापली, काळंच. आणखी दोन इंच, तरी काळं. वरचं प्लास्टिक नव्यासारखं आहे आणि पाणी आतून पदरांवाटे चढत गेलं आहे. काळ्या तांब्यावर सोल्डर बसतच नाही, मण्यासारखा गोल होऊन खाली पडतो. दीड तास मी अशा तारेवर आयर्न धरून बसले, प्लास्टिक वितळून मागे सरकलं, जोड झाला नाही.

आई म्हणाली, चिंच लाव, बंब कसा लख्ख होतो. लावली. दहा मिनिटांत पदर गुलाबी-लाल झाले, पाण्याने धुतले, वाळवले, सोल्डर झटकन चढला. मला फार आनंद झाला. तो जोड तसाच ठेवला.

६ नोव्हेंबर, शनिवार

भाऊबीज उरकून परत पडवीत. चिंचेचा जोड पाहिला. सोल्डरच्या कडेला, जिथे तार प्लास्टिकमध्ये शिरते तिथे, हिरवा थर आला आहे. बंब बाहेरून धुता येतो. तारेच्या प्लास्टिकमध्ये शिरलेली चिंचेची आंबट ओल धुऊन निघत नाही. लिंबू, व्हिनेगर, बाजारात मिळणारं कुठलंही ॲसिडचं फ्लक्स, सगळ्यांचं हेच होणार. तीन दिवसांत हे दिसलं म्हणून बरं, टेपखाली झाकलं गेलं असतं तर पावसाळ्यात पुन्हा रस्त्यात अडकायची वेळ आली असती.

म्हणून नियम केला: लालसर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापायचं, कितीही मागे जावं लागलं तरी. मागची हिरवी तार नऊ इंच कापल्यावर चांगली निघाली. मध्ये नवा तुकडा घालावा लागणार, म्हणजे एकाऐवजी दोन जोड.

तुकड्यासाठी तार आणली, आणि ९० रुपये बुडाले. दुकानात "ऑटो वायर" म्हणून दिलेली लाल आणि हिरवी तार सोलली तर तांबूस दिसली, पण पात्याने घासली की आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दोनदा वाकवली की पदर तुटतात. आता विकत घेतानाच एक पदर घासून पाहते. खरी तांब्याची, ०.७५ चौरस मिलिमीटरची तार दुसरीकडे मिळाली, सहा रंगांत २० मीटर, २४० रुपये.

७ नोव्हेंबर, रविवार

पूर्ण दिवस. मागचं वायरिंग झालं, ११ जोड.

पहिल्याच जोडाला स्लीव्ह घालायची विसरले. गरम केल्यावर आवळणारी नळी तार जोडण्याआधीच एका बाजूला सरकवून ठेवावी लागते, नंतर ती चढवायला वाट नसते. सुंदर झालेला जोड कापावा लागला. दुसऱ्या वेळी स्लीव्ह घातली, पण जोडाला खेटून ठेवली, आयर्नच्या उष्णतेने ती तिथेच आवळून बसली. ती किमान वीतभर लांब सरकवून चिमट्याने अडकवून ठेवायची.

स्लीव्ह आवळायला लायटर वापरला. ज्योत टेकली की काजळी धरते आणि शेजारच्या तारेचं प्लास्टिक फुगतं. ज्योतीच्या टोकापासून दोन बोटं वर, सारखं फिरवत राहिलं की जमतं. साध्या हेअर ड्रायरने काही झालं नाही.

पडवीत वारा आला की २५ वॅटचं आयर्न थंड पडतं आणि जोड करडे होतात. बिस्किटांच्या खोक्याचा आडोसा केला, मग ठीक. पण बॅटरीजवळ चार हिरव्या तारा एकत्र येतात, तो जोड आडोशातही तापेना. त्यासाठी ६० वॅटचं आयर्न आणलं, ३८० रुपये. त्याने पाच सेकंदांत झाला. दोन आयर्न घेणं शक्य नसेल तर तो जोड करायला कुणाचं तरी मोठं आयर्न मागून आणा. लहान आयर्न जास्त वेळ धरून ठेवलं तर जोड होत नाही आणि प्लास्टिक जळतं ते वेगळंच.

एकाच जुडग्यातले जोड एकमेकांसमोर आणू नका. मी पहिले तीन तसे केले, जुडगा अंगठ्याएवढा जाड झाला आणि साईड कव्हर बसेना. कापून दोन-दोन इंच मागेपुढे केले. एक तास गेला.

मागच्या दिव्याची अर्थ पुन्हा मोजली: ०.०६ व्होल्ट. ब्रेकचा दिवा लख्ख, इंडिकेटर काळोखात.

८ नोव्हेंबर, सोमवार

एसटीचा संप चिघळला आहे. अप्पांना गाडी लवकर हवी. घाई करायची नाही असं ठरवलं होतं, तरी घाई झालीच.

रात्री पुढचं काम: डूमच्या आतले आणि टाकीखालच्या गळ्याजवळचे (हँडल जिथे वळतं तिथले) सहा जोड. सगळे सुबक झाले.

हेडलाइट मात्र लागेना. चावी लावली, स्विच दाबला, मल्टिमीटर डीसीवर ठेवून तार तपासली, कधी शून्य, कधी भलताच आकडा. तास गेला. काकांना फोन केला तेव्हा कळलं, या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, इंजिनच्या कॉइलमधून येणाऱ्या एसीवर चालतो. गाडी चालू केल्याशिवाय लागणारच नाही, आणि मोजायचं तर मीटर एसीवर ठेवावा लागतो. टाकी चढवून गाडी चालू केली, हेडलाइट लागला. दोष नव्हताच.

१४ नोव्हेंबर, रविवार

सहा दिवसांत गाडी साधारण दोनशे किलोमीटर चालली. काल संध्याकाळी डावा पुढचा इंडिकेटर आणि हॉर्न एकदम बंद.

गळ्याजवळची टेप सोडली. सोल्डरचे जोड जसेच्या तसे, ओढून पाहिले तरी हलत नाहीत. मीटर लावला तर केशरी तारेत वीज जात नाही. स्लीव्ह उभी चिरली तेव्हा दिसलं: तार जोडात तुटलेली नव्हती, जोड जिथे संपतो त्या रेषेवर तुटली होती. सगळे पदर एका रेघेत, सुरीने कापावेत तसे. पोपटी तारेचंही तेच.

कारण काकांनी समजावलं आणि मला ते आयुष्यभर लक्षात राहील. सोल्डर पदरांमधून पुढे चढतो आणि तेवढी तार खिळ्यासारखी कडक होते. हँडल वळलं की जुडगा वाकतो. मऊ तार वाकते, कडक वाकत नाही, मग सगळा बाक दोघींच्या सीमेवर येतो. दिवसातून शेकडो वेळा तिथेच वाकून पदर एकेक करत तुटतात. गुहागर रस्त्याचे धक्के त्यात भर घालतात. सोल्डर कितीही सुबक असो, हलत्या जागी तो टिकत नाही. कंपनीतून येणाऱ्या वायरिंगमध्ये जोड दाबून केलेले असतात आणि गळ्याजवळ सहसा जोडच नसतो.

म्हणजे सहाही जोड चुकीच्या जागी केले होते.

नवी पद्धत: डूमपासून टाकीखालच्या चेसिसच्या नळीपर्यंत प्रत्येक तार अखंड, मध्ये एकही जोड नाही. लांबी ठरवताना हँडल आधी पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून सुतळीने मोजलं आणि वर चार बोटं सैल ठेवलं. पुढचे जोड टाकीखाली, मागच्या बाजूला, जिथे काही हलत नाही. प्रत्येक जोडावर आतून डिंक असलेली स्लीव्ह, दोन्ही बाजूंना प्लास्टिकवर दीड-दीड सेंटिमीटर पुढे गेलेली. मग जोडाच्या दोन्ही बाजूंना जुडगा चेसिसला पट्टीने बांधला, म्हणजे धक्का जोडाला लागत नाही. सोल्डरही आता कमी लावते. वेढ्यांच्या मध्यावर सुरू करायचं आणि प्लास्टिकच्या तीन-चार मिलिमीटर अलीकडे आयर्न उचलायचं.

सहा तारांना साडेचार तास. डूममधले जुने बुलेट कनेक्टर (एकमेकांत खुपसायची गोल टोकं) गंजलेले होते, ते नवे दाबून बसवले, सोल्डर केले नाहीत.

२१ नोव्हेंबर, रविवार

चेसिसची अर्थ राहिली होती. बोल्ट सोडला, थिंबलखाली (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग आणि गंज. पॉलिश पेपरने लोखंड उघडं केलं, नवं थिंबल, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन. आधी थिंबलखाली व्हॅसलीन भरायचा विचार होता, काका म्हणाले, धातू धातूला भिडू दे, मग बाहेरून लाव.

आज स्विच पूर्ण दाबून धरून अप्पांनी हँडल वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवलं. हॉर्न एकदाही अडखळला नाही.

खर्च लिहून ठेवते. २५ वॅटचं आयर्न २२०, ६० वॅटचं ३८०, सोल्डर वायर १३०, राळ २०, मल्टिमीटर २६०, स्लीव्ह १८०, तार २४०, टेप ६०, बुलेट आणि थिंबलं ८०, फ्यूज १०. एकूण १५८० रुपये, शिवाय फुकट गेलेले ९०. वेळ सगळा धरून २४ तासांच्या आसपास, त्यातले निम्मे तरी चुका निस्तरण्यात. नवं वायरिंग मिळत असतं आणि कुणी नीट बसवून दिलं असतं तर पैशांत फार फरक पडला नसता. हत्यारं मात्र आता घरात आहेत, आणि शेजारच्या आळीतल्या पुरात बुडालेल्या आणखी दोन गाड्यांचे मालक येऊन विचारून गेले.

कामानंतर हात साबणाने धुवा, सोल्डरमध्ये शिसं आहे. खिडकी उघडी ठेवा, राळेचा धूर घशाला लागतो.

२ डिसेंबर, गुरुवार

कालपासून अवकाळी पाऊस. अप्पा भिजत मार्गताम्हान्याहून आले, अंधार पडला होता. मी फाटकाशीच उभी होते. वळणावर ब्रेक मारला तसा मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला, डावा इंडिकेटर एकटाच उघडमीट करत होता.

५ डिसेंबर, रविवार

आत पाणी शिरलं की नाही हे पाहायचंच होतं, म्हणून साईड कव्हरखालचा एक जोड मुद्दाम चिरला. स्लीव्हचा डिंक प्लास्टिकला घट्ट चिकटलेला, तांबं कोरडं आणि लालसर. तो जोड नवा केला, स्लीव्ह आधी घातली, १२ मिनिटं लागली. ७ नोव्हेंबरचे मागचे पहिले चार जोड साध्या, बिनडिंकाच्या स्लीव्हचे आहेत, ते पुढच्या रविवारी बदलायचे आहेत. त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवला आहे.